क्षणभर चमकून जाणारी काळी चौकट

पत्र टंकत असताना पडद्याच्या मधोमध एक काळी चौकट उघडते, तिच्यावर नजर ठरण्याआधीच मिटते, आणि तेवढ्यात टंकलेली दोन-तीन अक्षरे कुठे गेली ते कळत नाही. माझ्या घरच्या विंडोज संगणकावर काही आठवडे दर तासाला हे घडत होते. अशा वेळी घरात पहिला शब्द निघतो तो ‘व्हायरस’. माझ्याही मनात तोच आला होता.

ही चौकट दिसण्याचे कारण मात्र बहुधा साधे असते. विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच एक खूण असते. हा प्रोग्राम आपल्या खिडक्या स्वतः काढणारा आहे की केवळ अक्षरांत बोलणारा, म्हणजे कन्सोलचा, हे त्या खुणेवरून प्रणालीला कळते. कन्सोलचा प्रोग्राम एखाद्या खिडकीविना चालणाऱ्या सेवेने सुरू केला, की विंडोज आपणहून त्याच्यासाठी काळी चौकट उघडते. सुरू करतानाच ‘खिडकी नको’ असे सांगण्याची सोय आहे. पायथन भाषेबरोबर एकाच कामाचे दोन प्रोग्राम मिळतात, एक कन्सोलचा आणि एक बिनखिडकीचा, तेही याचसाठी. तेव्हा चमकणारी चौकट ही पुष्कळदा प्रोग्राम लिहिणाऱ्याची हयगय असते. लपून काम करू पाहणारा ती सहसा दिसूच देणार नाही.

प्रोग्रामचे नाव शोधायला आपण टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारे विंडोजचे साधन, उघडतो आणि तिथेच फसतो. टास्क मॅनेजर नेहमीच्या वेगाने सेकंदाला एकदा यादी ताजी करतो. जलद वेग निवडला तरी अर्ध्या सेकंदाने. पाव सेकंद जगलेला प्रोग्राम दोन नजरांच्या मधल्या फटीतून सहज निसटतो. अधूनमधून बाल्कनीतून डोकावणाऱ्याला मधल्या वेळात येऊन गेलेला कुरिअरवाला दिसत नाही, तसेच हे आहे. इथे सोसायटीच्या फाटकावरची नोंदवही हवी, ज्यात येणारा प्रत्येक जण आल्या क्षणी लिहिला जातो.

अशी नोंदवही म्हणजे प्रोसेस मॉनिटर. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ साली सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातले हे मोफत साधन आहे. हा संच २००६ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. प्रोसेस मॉनिटर सुरू केल्यावर काही मिनिटांतच लाखो नोंदी जमतात, कारण प्रत्येक फाइल उघडणे आणि रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातली, प्रत्येक नोंद वाचणेही त्यात टिपले जाते. म्हणून ‘ऑपरेशन’ या रकान्यात ‘प्रोसेस क्रिएट’ एवढेच दिसेल असा फिल्टर लावावा, आणि गाळलेल्या नोंदी साठवू नयेत असा पर्यायही निवडावा. नाहीतर तासाभरात स्मृती भरून जाते. मग संगणक तसाच चालू ठेवून आपले काम करावे. चौकट चमकली की घड्याळाकडे पाहावे, एवढेच.

माझ्या नोंदीत दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी एक ओळ सापडली. तो प्रोग्राम अर्ध्या सेकंदाहून कमी जगला होता. त्याच्या नावावरून काहीच बोध होईना. पण ‘प्रोसेस ट्री’ उघडल्यावर तो कोणी सुरू केला ते दिसले: एसव्हीसीहोस्ट, म्हणजे विंडोजच्या सेवा चालवणारा प्रोग्राम, आणि त्याच्या कमांड लाइनच्या (सुरू करताना दिलेल्या आदेशाच्या) शेवटी ‘शेड्यूल’ हा शब्द. म्हणजे हे काम टास्क शेड्यूलरचे, नेमल्या वेळी नेमला प्रोग्राम चालवणाऱ्या सेवेचे. फाइलचा पत्ता पाहिला तर ती एका प्रिंटरच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये होती. तो प्रिंटर मी दोन वर्षांपूर्वीच विकला होता. त्याचा अद्यतने शोधणारा नोकर मात्र दर तासाला इमानेइतबारे धन्याची चौकशी करून जात होता.

मोठ्या कंपन्यांकडूनही हे घडते. २०१७ साली मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्याच पार्श्वभूमीवरील एका नेमलेल्या कामामुळे जगभरच्या वापरकर्त्यांना दर तासाला अशी चौकट दिसत होती. पुढे अद्यतनाद्वारे ती चूक सुधारण्यात आली.

यावरून दर वेळी निर्धास्त राहावे असे नाही. प्रोग्रामचे नाव हा सर्वांत कच्चा पुरावा आहे, कारण नाव कोणीही घेऊ शकतो. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये राहतो आणि त्याला सर्व्हिसेस नावाचा प्रोग्राम सुरू करतो. तेच नाव वापरकर्त्याच्या अॅपडेटा फोल्डरमधून चालताना दिसले तर शंका घ्यावी. याउलट लिखित आदेश चालवणारा पॉवरशेल हा विंडोजचाच सज्जन प्रोग्राम असला, तरी त्याच्या कमांड लाइनमध्ये अर्थ न लागणारी अक्षरांची लांबलचक माळ असेल, तर ती काय आहे हे कळेपर्यंत स्वस्थ बसू नये. फाइलच्या गुणधर्मांत डिजिटल स्वाक्षरी कोणाची आहे ते पाहावे. व्हायरसटोटलसारख्या सेवेवर फाइल अनेक विषाणूरोधकांकडून एकाच वेळी तपासून घेता येते, पण खासगी कागदपत्रे तिथे चढवू नयेत.

चौकट आठवड्यातून एखाद्या वेळीच दिसत असेल, तर प्रोसेस मॉनिटर इतके दिवस चालू ठेवणे परवडत नाही. अशा वेळी विंडोजचीच लेखापरीक्षणाची (ऑडिटिंगची) सोय उपयोगी पडते. ती सुरू केल्यावर सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची नोंद इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनाच्या सुरक्षा विभागात ४६८८ या क्रमांकाखाली होते. मूळ स्थितीत ती बंद असते. कमांड लाइनही नोंदवली जावी यासाठी आणखी एक सेटिंग बदलावे लागते, आणि ते विसरले तर अर्धी माहिती हातची जाते.

मी त्या प्रिंटरचे नेमलेले काम पुसले नाही, टास्क शेड्यूलरमध्ये फक्त ‘डिसेबल’ केले. अंदाज चुकला असता, तर एका टिचकीने ते पूर्ववत करता आले असते. तीन वाजून बारा मिनिटांनी मी मुद्दाम पडद्यासमोर बसून राहिलो. चौकट आली नाही. चार दिवसांनी मी प्रिंटरचे सगळे सॉफ्टवेअरच काढून टाकले.