ट्रान्सफर : कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात (कम्युनिटी कॉलेजात) पदवीचा पूर्वार्ध पुरा करून उत्तरार्धासाठी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत या प्रवेशाच्या तयारीचा विचार मुख्यतः कॅलिफोर्निया राज्याच्या आधारे केला आहे. तेथे ११६ कम्युनिटी कॉलेजे असून विद्यार्थ्यांना ट्रान्सफरसाठी तयार करणे हे त्यांचे कायद्याने नेमून दिलेले एक मुख्य काम आहे. प्रवेश-अर्ज दुसऱ्या वर्षाच्या शरद ऋतूत भरला जात असला, तरी त्याचे भवितव्य बहुतांशी पहिल्या सत्रातील विषयनिवडीतच ठरते.

उगम : पदवीची पहिली दोन वर्षे विद्यापीठाबाहेर काढावीत, ही कल्पना या महाविद्यालयांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशिगन विद्यापीठाचे हेन्री टॅपन आणि पुढे मिनेसोटाचे विल्यम फॉलवेल यांनी जर्मन नमुना समोर ठेवून ती मांडली. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ च्या सुमारास आपल्या विद्यापीठातील पदवी अभ्यासक्रमाचे दोन खंड पाडले आणि काही वर्षांतच त्यांना ज्युनियर कॉलेज व सिनियर कॉलेज ही नावे दिली. (महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ज्युनियर कॉलेज म्हणतात, त्याच्याशी याची गल्लत करू नये.)

कम्युनिटी कॉलेजांना पूर्वी ज्युनियर कॉलेज म्हणत. पहिले स्वतंत्र ज्युनियर कॉलेज कोणते, याबद्दल मतभेद आहेत. बहुतेक संदर्भग्रंथ इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेज (१९०१) हे नाव देतात. हार्पर आणि जोलिएटच्या शाळांचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या विचारविनिमयातून ते निघाले. यावर आक्षेप असा, की १९०१ मध्ये तेथे वेगळी संस्था नव्हती. हायस्कूलच्याच इमारतीत सहा विद्यार्थी शालान्त परीक्षेच्या पुढचे विषय शिकत होते. ज्युनियर कॉलेज हे नाव रूढ झाले ते १९१६ च्या सुमारास. शिवाय शिकागोतील लुईस इन्स्टिट्यूट ही खासगी संस्था १८९६ पासूनच असे वर्ग चालवीत होती. म्हणून जोलिएटचा दावा ‘आजतागायत चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक’ एवढाच मानणे सुरक्षित. मात्र ट्रान्सफरच्या इतिहासासाठी इमारत वा नाव यांपेक्षा विद्यापीठाने तो अभ्यास आपल्या पदवीत धरला का, हा निकष अधिक योग्य दिसतो, आणि त्या निकषावर जोलिएटचे स्थान पक्के राहते. तेथील विद्यार्थ्यांना विद्यापीठात वरच्या वर्गात घ्यावे, हाच ब्राउन-हार्पर योजनेचा गाभा होता.

कॅलिफोर्नियात १९०७ मध्ये सिनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या पुढाकाराने हायस्कुलांना पुढील दोन वर्षांचे वर्ग काढण्याची परवानगी मिळाली. फ्रेझ्नो येथे १९१० मध्ये पहिले वर्ग सुरू झाले. १९०७ चा कायदा केवळ परवानगीचा होता, त्यात पैशाची तरतूद नव्हती. राज्याची आर्थिक मदत १९१७ च्या कायद्याने आणि स्वतंत्र महाविद्यालयीन जिल्हे १९२१ च्या कायद्याने आले. बर्कलीचे अलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी या चळवळीला विद्यापीठाच्या बाजूने बळ दिले. तरीही लँग यांचा भर जे विद्यापीठात जाणार नाहीत त्यांना रोजगाराभिमुख शिक्षण देण्यावर होता, हे विसरता येत नाही. ट्रान्सफर आणि व्यवसायशिक्षण यांतील ओढाताण अशी अगदी आरंभापासूनची आहे.

राज्याच्या उच्च शिक्षणासाठीच्या १९६० च्या मास्टर प्लॅनने त्रिस्तरीय रचना निश्चित केली. हायस्कूलमधील वरचे १२.५ टक्के विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला (यूसी), वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांना (आजची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, सीएसयू) पात्र ठरले आणि कम्युनिटी कॉलेजचे दार सर्वांना खुले राहिले. विद्यापीठांत कनिष्ठ (पहिली दोन वर्षे) व वरिष्ठ (शेवटची दोन वर्षे) वर्गांचे प्रमाण ४०:६० ठेवावे, म्हणजे तिसऱ्या वर्षाला जागा मोकळ्या राहतील, अशी त्यात तजवीज होती. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होझे येथील अभ्यासावरून असे मत मांडले, की ही महाविद्यालये अनेक विद्यार्थ्यांची पदवीची आकांक्षा हळूहळू थंड करतात. त्यांचे निरीक्षण आजही दुर्लक्षिण्याजोगे नाही. परंतु गळती सर्वस्वी संस्थेच्या हेतूत शोधण्यापेक्षा विषयांच्या जुळणीतील अडथळ्यांत शोधणे अधिक फलदायी आहे, कारण ते अडथळे हाताने दूर करता येतात.

जुळणी : कोणत्या कॉलेजातील कोणता विषय कोणत्या विद्यापीठ-आवारातील (कॅम्पसमधील) कोणत्या विषयाबद्दल धरला जाईल, याच्या लेखी कराराला आर्टिक्युलेशन म्हणतात. हे करार ‘असिस्ट’ या राज्यव्यापी संकेतस्थळावर मिळतात. करार चार गोष्टींना बांधलेला असतो : पाठवणारे कॉलेज, घेणारे आवार, मुख्य विषय (ज्यात पदवी घ्यायची तो) आणि शैक्षणिक वर्ष. यांपैकी एक जरी बदलली तरी उत्तर बदलते. एखादा विषय यूसीत श्रेयांकासाठी चालतो, एवढ्यावरून तो अमुक आवारातील अर्थशास्त्राच्या पूर्वतयारीतही धरला जाईल असे नाही. सर्वांत जास्त फसगत येथेच होते.

विज्ञानशाखेत अडचण साखळीची असते. अभियांत्रिकीसाठी कॅल्क्युलसचे तीन भाग, रेषीय बीजगणित आणि विकलक समीकरणे लागतात. कॅल्क्युलसचा प्रत्येक भाग आधीच्या भागावर उभा असल्याने पहिल्याच सेमिस्टरला पहिला भाग घेतला तरच हे सारे चार सेमिस्टरांत बसते. भौतिकीतील यामिकीला सामान्यतः कॅल्क्युलसचा पहिला भाग आधी लागतो, म्हणून ती दुसऱ्या सेमिस्टरला येते, विद्युत-चुंबकत्व त्यानंतर. ज्याने प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली त्याची अख्खी साखळी एका सेमिस्टरने मागे सरकते. उन्हाळी सत्रात हा धक्का भरून काढता येतो, पण तो विषय त्या उन्हाळ्यात आपल्या कॉलेजात शिकवला जाणार आहे का, हे आधी विचारून घ्यावे लागते.

चालू मालिका अर्धवट सोडून कॉलेज बदलू नये. काही कॉलेजे तिमाही पद्धतीची आहेत. तेथील १.५ युनिट (श्रेयांक मोजण्याचे एकक) म्हणजे सेमिस्टरचे १ युनिट, त्यामुळे ६० सेमिस्टर युनिट हे ९० तिमाही युनिटांबरोबर. युनिटांचे रूपांतर सोपे असते, आशयाचे नसते. तिमाही कॅल्क्युलसचे दोन भाग करून सेमिस्टर कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याला तेथला दुसरा भाग पुन्हा करावा लागण्याचा संभव असतो.

सामान्य शिक्षण : मुख्य विषयाखेरीजच्या आवश्यक विषयांसाठी २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना ‘कॅल-जीईटीसी’ हा एकच आराखडा लागू आहे. त्यात ११ विषय व किमान ३४ सेमिस्टर युनिटे येतात : इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार, भाषण, गणित, कला व मानव्य, सामाजिक शास्त्रे (दोन विषय), भौतिक व जीवशास्त्र प्रयोगशाळेसह आणि वांशिक अध्ययन. प्रत्येकात किमान सी श्रेणी हवी. सी-उणे चालत नाही. आधीपासून खंड न पडता शिकणाऱ्यांना जुना ‘आयजीईटीसी’ आराखडा वापरता येतो. एखादे वर्ष खंड पडला तर हा हक्क जाऊ शकतो. आराखडा पुरा केल्यावर कॉलेजकडून तसे प्रमाणपत्र मागून घ्यावे लागते. ते न मागितल्याने विद्यापीठात जाऊन पुन्हा सामान्य विषय करावे लागलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात. अभियांत्रिकी व भौतिक शास्त्रांत मात्र मुख्य विषयाच्या पूर्वतयारीला अग्रक्रम द्यावा आणि सामान्य विषय मागे ठेवावेत.

पात्रता व हमी : यूसीसाठी ६० सेमिस्टर युनिटे आणि जीपीए (श्रेणींची सरासरी) २.४ (राज्याबाहेरच्या व परदेशी विद्यार्थ्यांना २.८) ही किमान अट आहे. ठरलेल्या सात विषयांत दोन इंग्रजीचे व एक गणिताचा असतो. कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० युनिटे पदवीत मोजतात. त्यापुढच्या विषयांना मान्यता मिळते, युनिटे वाढत नाहीत. सीएसयूसाठी राज्यातील विद्यार्थ्यांना जीपीए २.० पुरतो, पण भाषण, लेखन, चिकित्सक विचार व गणित हे चार विषय उत्तीर्ण असलेच पाहिजेत. किमान अट म्हणजे प्रवेश नव्हे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. मागणी असलेल्या शाखांत प्रत्यक्ष जीपीए याहून पुष्कळ वर असतो.

२०१० च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरसाठीची सहयोगी पदवी (कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री) ६० युनिटांची असते. ती सीएसयूत प्रवेशाची हमी देते, मात्र हव्या त्या आवारात नव्हे. यूसीची ‘टॅग’ ही हमी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा व सँटा क्रूझ या सहा आवारांपुरती आहे. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो तीत नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान एकाच आवारासाठी करता येतो आणि काही शाखा तीतून वगळलेल्या असतात. त्यानंतर मुख्य अर्ज भरला नाही तर हमी रद्द होते. दोन्ही अर्जांतील विषय व श्रेणी जुळल्या नाहीत तरीही ती धोक्यात येते.

अर्ज : यूसीचा अर्ज १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरच्या सुमारास दाखल करायचा असतो. त्या वेळी गुणपत्रक पाठवायचे नसते. विद्यार्थी स्वतःच विषय भरतो. म्हणून भरताना गुणपत्रक शेजारी उघडे ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी. शिकलेले प्रत्येक कॉलेज, सोडलेला प्रत्येक विषय, नापास श्रेणीसुद्धा द्यावी लागते. हायस्कूलमध्ये असताना दुसऱ्या कॉलेजात घेतलेला एखादा विषय विसरला जातो आणि अंतिम तपासणीत तो सापडला की मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी कमाल ३५० शब्दांचे. त्यांतील एक मुख्य विषयाच्या तयारीवर असून सक्तीचा आहे, बाकी तीन सात प्रश्नांतून निवडायचे. सक्तीच्या निबंधात बालपणीच्या आवडीपेक्षा कोणते विषय केले व त्यांतून काय हाती लागले हे लिहिणे उपयोगी ठरते. जानेवारीअखेरपर्यंत शरद सत्राच्या श्रेणी व वसंत सत्राचे बदल कळवायचे, १ जूनपर्यंत प्रवेश स्वीकारायचा आणि जुलैच्या आरंभी अंतिम गुणपत्रक पोचवायचे. प्रवेश मिळाल्यावर वसंत सत्रात अवघड वाटणारा विषय न कळवता सोडणे, ही शेवटच्या टप्प्यातील सर्वांत महागात पडणारी चूक.

साहाय्य : प्रत्येक कॉलेजात ट्रान्सफर सेंटर असते, शिवाय काउन्सेलर सत्रवार शैक्षणिक आराखडा करून देतात. एक-दोन सत्रांचा संक्षिप्त आराखडा नोंदणीपुरता पुरतो, ट्रान्सफरसाठी मात्र सर्व सत्रांचा पूर्ण आराखडा मागावा. चांगला काउन्सेलर दोन-तीन आवारांचे करार शेजारी मांडतो, सर्वांत समाईक असलेले विषय आधी घालतो आणि फक्त एकाच ठिकाणी लागणारे विषय शेवटी ठेवतो. त्यामुळे वर्षभराने बेत बदलला तरी फारसे वाया जात नाही. १९८१ मध्ये हेवर्डच्या शॅबो कॉलेजात सुरू झालेला पुएंते उपक्रम इंग्रजी लेखन, समुपदेशन व मार्गदर्शक यांची सांगड घालतो, आणि तो राज्यभर पसरला आहे. २०१७ च्या कायद्यानंतर विद्यार्थ्यांना हायस्कूलच्या गुणांवरून थेट ट्रान्सफर पातळीच्या इंग्रजी-गणितात बसवले जाते. पूर्वी पायाभूत वर्गांची जी शिडी चढावी लागे, तिच्यावरूनच कित्येक जण गळून जात.

विद्यापीठात गेल्यावर पहिल्या सत्रात जीपीए घसरण्याला ट्रान्सफर शॉक म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत ही घसरण तात्पुरती असते. एकाच सत्रात वरच्या पातळीचे तीन-चार तांत्रिक विषय घेणे टाळले, तर ती पुष्कळ कमी होते.

अन्य राज्ये : फ्लोरिडात १९७१ पासून राज्यव्यापी करार आहे. राज्यभर विषयक्रमांक एकच असल्याने तेथे जुळणीचे ओझे विद्यार्थ्यावर कमी पडते. कॅलिफोर्नियाने समान क्रमांकांचे काम २०२१ च्या कायद्याने उशिरा हाती घेतले.

भारतीय विद्यार्थी : महाराष्ट्रातील पदविकाधारकांचा अभियांत्रिकीतील थेट द्वितीय वर्ष प्रवेश हा याचा जवळचा नमुना, मात्र तेथे विषयागणिक जुळणी विद्यार्थ्याने करायची नसते. बारावीनंतर एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जाणाऱ्याला दर सत्रात किमान १२ युनिटे घ्यावी लागतात, म्हणून विषय सोडण्याआधी परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारणे भाग असते. येथे एफवाय किंवा एसवाय करून गेलेल्यांनी ते श्रेयांक आपोआप जमेस धरले जातील अशी अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेतील मान्यता नसलेल्या परदेशी संस्थेतील विषय सामान्य शिक्षणाच्या आराखड्यात धरत नाहीत. इंग्रजी लेखनाचे दोन्ही विषय तेथेच करावे लागतात. तरीही मूळ विद्यापीठाची गुणपत्रके अर्जात दाखवणे बंधनकारक असते, आणि ती मोहोरबंद पाकिटात मिळवायला लागणारा वेळ लक्षात घेऊन निघण्यापूर्वीच दोन-तीन संच काढून ठेवावेत.