प्लाझ्मा वैद्यक

प्लाझ्मा वैद्यक म्हणजे आयनीभूत वायूचा शस्त्रक्रियेसाठी, जखमांच्या उपचारासाठी आणि वैद्यकीय उपकरणांच्या निर्जंतुकीकरणासाठी होणारा वापर. वायूला पुरेशी विद्युत ऊर्जा मिळाली की त्याच्या काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. सुटे इलेक्ट्रॉन, आयन, उत्तेजित अणू आणि प्रकाश यांच्या या मिश्रणाला प्लाझ्मा किंवा आयनद्रायू म्हणतात. रक्तातल्या प्लाझ्माशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कोविड रुग्णांसाठी सुरू केलेला ‘प्लॅटिना’ प्रकल्प किंवा केस गळतात म्हणून दिली जाणारी पीआरपीची (प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाची) इंजेक्शने हा रक्तद्रवाचा विषय आहे. या नोंदीतला प्लाझ्मा विजेच्या ठिणगीच्या कुळातला.

या क्षेत्रात एक उफराटा प्रकार दिसतो. जिथे रुग्णाच्या कानावर ‘प्लाझ्मा’ हा शब्दही पडत नाही, ते उपयोग पक्के ठरले आहेत आणि त्यांतून पैसाही मिळतो. हा शब्द ज्यांच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो, त्यांचा पुरावा बहुधा सर्वांत कच्चा असतो.

उष्ण आणि शीत

वैद्यकात वापरला जाणारा प्लाझ्मा ढोबळमानाने दोन प्रकारचा. उष्ण प्लाझ्मा ऊतक जाळतो, कापतो किंवा रक्त गोठवून रक्तस्राव थांबवतो. शीत प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांच्या पुढे असते, पण ते वजनाने इतके हलके की वायूचे बाकीचे कण तापत नाहीत आणि एकूण झोत ४० अंश सेल्सिअसच्या आत राहतो. त्यावर बोट धरले तर कोमट वारा लागल्यासारखे वाटते. काम करतात ते त्यात तयार होणारे क्रियाशील रेणू: हायड्रॉक्सिल, ओझोन, नायट्रिक ऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड. सोबत थोडे अतिनील किरण आणि विद्युत क्षेत्रही असते. जिवाणूंची भिंत या माऱ्याला लवकर बळी पडते. शरीराच्या पेशींकडे मात्र अशा रेणूंशी जुळवून घेणारी यंत्रणा मुळातच असते, त्यामुळे मात्रा बेताची असेल तर त्या तग धरतात आणि काही वेळा जोमाने वाढूही लागतात.

कॉटरीपासून कांडीपर्यंत

१९२६ मध्ये बॉस्टनमध्ये शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचे विद्युत उपकरण मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले. आज ऑपरेशन थिएटरमध्ये ‘कॉटरी’ म्हणतात ते यंत्र त्याच वंशातले. कॉटरीच्या टोकाशी उडणारी ठिणगी हाही प्लाझ्माच, फक्त तेव्हा त्याला कोणी तसे म्हणत नव्हते. १९९१ च्या सुमारास जर्मनीतील ट्युबिंगेन येथे फारिन आणि ग्रुंड यांनी आर्गॉन प्लाझ्मा कोॲग्युलेशन हे तंत्र दुर्बिणीतून वापरता येईल असे केले आणि एर्बे या तिथल्याच कंपनीने ते बाजारात आणले. आर्गॉनचा आयनीभूत झोत ऊतकाला स्पर्श न करता रक्तस्राव थांबवतो आणि त्याचा परिणाम काही मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही. जठर-आतड्यांतील रक्तस्रावासाठी ते आता रोजचे साधन आहे.

धंद्याच्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट कोब्लेशनची. फिलिप एगर्स आणि हिरा थपलियाल यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत आर्थ्रोकेअर ही कंपनी काढली. मिठाच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रोडभोवती प्लाझ्माचा अतिशय पातळ थर तयार करायचा आणि त्याने ऊतक विरघळवल्यासारखे काढायचे, ही त्यांची कल्पना. त्यासाठी ४० ते ७० अंश तापमान पुरते, तर साध्या कॉटरीत ते कितीतरी जास्त असते. सांध्यातील कूर्चा आणि टॉन्सिल या दोन ठिकाणी हे तंत्र रुळले. खरा नफा यंत्रात नव्हता, यंत्राला जोडायच्या एकदाच वापरायच्या कांडीत होता. प्रत्येक शस्त्रक्रियेला नवी कांडी लागते आणि तिची किंमत रुग्णाच्या बिलात येते.

कंपनीला मात्र विक्रीचे आकडे फुगवण्याची चटक लागली. २००८ मध्ये हिशेब दुरुस्त करावे लागले, भागधारकांचे मोठे नुकसान झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड करून ३ कोटी डॉलर दंड भरला. माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर फसवणुकीचा खटला चालला. त्याच वर्षी स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने आर्थ्रोकेअर सुमारे १.७ अब्ज डॉलरला विकत घेतली. तंत्र चांगले होते, म्हणूनच इतक्या गैरव्यवहारानंतरही गिऱ्हाईक मिळाले.

निर्जंतुकीकरणाची कथा शांत आणि त्याहून फायद्याची. ऑटोक्लेव्हच्या वाफेत टिकत नाहीत अशी दुर्बिणी आणि प्लास्टिकची उपकरणे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाष्पात ठेवायची आणि नंतर प्लाझ्मा पेटवायचा, अशी ही पद्धत. जंतू मारण्याचे बरेचसे काम पेरॉक्साइडच करते. प्लाझ्मा उरलेले पेरॉक्साइड मोडून टाकतो, म्हणून उपकरण तासाभरात पुन्हा हातात घेता येते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या ‘स्टेरॅड’ यंत्राला अमेरिकेत १९९३ मध्ये परवानगी मिळाली. हा व्यवसाय २०१९ मध्ये फोर्टिव्ह कंपनीने सुमारे २.७ अब्ज डॉलरला घेतला. इथेही उत्पन्नाचा पाया म्हणजे दर खेपेला लागणारे पेरॉक्साइडचे कॅसेट. सिमेंटशिवाय बसवायच्या कृत्रिम खुब्यावरचा टायटॅनियमचा किंवा हायड्रॉक्सिॲपेटाइट या हाडांतल्यासारख्या खनिजाचा लेपही प्लाझ्मा फवाऱ्यानेच दिला जातो, हे खुबा बदलून घेतलेल्या फार थोड्यांना माहीत असते.

शीत प्लाझ्मा आणि चिघळलेल्या जखमा

आज ‘प्लाझ्मा मेडिसिन’ म्हटले की अभ्यासकांना अभिप्रेत असतो तो शीत प्लाझ्मा. संशोधक मुनीर लारुसी यांनी १९९६ मध्ये हवेच्या नेहमीच्या दाबात तयार केलेल्या प्लाझ्माने निर्जंतुकीकरण करता येते हे दाखवले. नंतर नेदरलँड्समध्ये एव्हा स्टॉफेल्स यांनी ‘प्लाझ्मा सुई’ बनवली, तर फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात फ्रिडमन यांच्या गटाने रक्त गोठवण्यावर आणि त्वचेवर प्रयोग केले. २००७ मध्ये टेक्ससमधील कॉर्पस क्रिस्टी येथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली.

उपकरणे रुग्णापर्यंत नेली ती प्रामुख्याने जर्मनीने. बाल्टिक किनाऱ्याजवळच्या ग्राइफ्सवाल्ड येथील लाइब्निझ प्लाझ्मा संस्थेत तयार झालेला ‘किनपेन मेड’ हा पेनासारखा आर्गॉन झोत आणि डुडरश्टाट येथील सिनॉजी कंपनीचे ‘प्लाझ्माडर्म’ या दोघांना २०१३ मध्ये युरोपात विक्रीसाठी लागणारी सीई मान्यता मिळाली. म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये तर अवकाश भौतिकीची माणसे या कामात उतरली. ग्रेगोर मॉरफिल हे माक्स प्लांक संस्थेचे शास्त्रज्ञ. त्यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर प्लाझ्मा स्फटिकांचे प्रयोग केले होते. त्याच गटातून जखमांसाठीचे यंत्र आणि पुढे टेराप्लाझ्मा ही कंपनी निघाली.

या गटाची २०१० साली प्रसिद्ध झालेली चाचणी ३६ रुग्णांवर होती. जुनाट जखमांना रोज पाच मिनिटे आर्गॉन प्लाझ्मा दिल्यावर जिवाणूंचा भार ३४ टक्क्यांनी घटला. प्लाझ्मा जंतू मारतो आणि म्हणून जखम भरते, ही सरळ मांडणी त्यावर उभी राहिली. दहा वर्षांनी जर्मनीतील बाड ओइनहाउझेन आणि कार्ल्सबुर्ग येथे मधुमेही पायाच्या व्रणांवर अधिक काटेकोर चाचणी झाली. तीत ४३ रुग्णांच्या ६२ जखमा होत्या आणि तुलनेसाठीच्या गटाला प्लाझ्माविना नुसता आर्गॉन दिला होता. प्लाझ्माच्या गटात जखमा लवकर आकसल्या, पण जंतूंच्या भारात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे उपचार कामाला आला, पण सांगितलेल्या कारणामुळे आला असे दिसत नाही. पेशींना मिळणारी चालना आणि सुधारणारे स्थानिक रक्ताभिसरण ही कारणे आता पुढे केली जातात. जंतुनाशक म्हणून यंत्र विकणाऱ्यांची मात्र यात अडचण होते.

दुसरी अडचण मात्रेची. औषध मिलिग्रॅममध्ये मोजता येते. प्लाझ्माची मात्रा वायू कोणता, झोत किती अंतरावर, हवा किती दमट आणि जखम किती ओली यावर बदलते, आणि सर्वमान्य एकक अजून ठरलेले नाही. ‘डीआयएन स्पेक ९१३१५’ या २०१४ च्या जर्मन दस्तऐवजाने निदान तापमान, अतिनील किरण, गळती विद्युत प्रवाह आणि जंतुनाशक परिणाम मोजण्याच्या किमान कसोट्या घालून दिल्या. २०२२ मध्ये तिथल्या वैद्यक संघटनांची मार्गदर्शिकाही आली.

वेळेचा हिशेब वेगळाच. पेनासारख्या झोताने एक चौरस सेंटिमीटर जखमेला साधारण अर्धे ते एक मिनिट लागते. तळहाताएवढ्या व्रणासमोर परिचारिका तासभर बसणार असेल तर कोणत्याही रुग्णालयाला ते परवडत नाही. म्हणून ग्राइफ्सवाल्डच्याच कोल्डप्लाझ्माटेक कंपनीने अख्खी जखम झाकणारी सिलिकोनची पट्टी काढली, तिचा उपचार दोन मिनिटांत आटोपतो. पण पट्टी एकदाच वापरायची, म्हणजे खर्च परिचारिकेच्या वेळेतून पट्टीच्या किमतीत सरकतो. विमा तो देईल का, हा प्रश्न जर्मनीतही चाचणीच्या पातळीवर अडकला. त्यात २०२१ पासून युरोपचे नवे वैद्यकीय उपकरण नियम लागू झाले आणि कागदपत्रांच्या खर्चाने छोट्या कंपन्यांचे कंबरडे मोडायची वेळ आली.

कर्करोग आणि सुरकुत्या

प्रयोगशाळेत शीत प्लाझ्मा कर्कपेशी मारतो, हे शेकडो शोधनिबंधांत आले आहे. बशीतल्या पेशींना पुष्कळ गोष्टी मारतात. माणसांवरचे काम त्या मानाने तुटपुंजे आहे. अमेरिकेतील शल्यविशारद जेरोम कॅनडी यांच्या उपकरणाची पहिल्या टप्प्यातील चाचणी शिकागो आणि इस्रायलमधील रुग्णालयांत २० रुग्णांवर झाली. गाठ काढल्यावर उरलेल्या जागेवर प्लाझ्मा फवारला गेला आणि तो सुरक्षित असल्याचे दिसले. पहिल्या टप्प्याचा हेतू एवढाच असतो, त्यावरून ‘कर्करोगावर इलाज सापडला’ असे मथळे देणे हा वाचकांवर अन्याय आहे.

सौंदर्योपचारांच्या बाजारात धीर कमी आणि पैसा रोख. जुने बोवी नाव विकून २०१९ पासून एपिक्स मेडिकल म्हणवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे हेलियम प्लाझ्माचे ‘रेन्युव्हिऑन’ हे उपकरण मऊ ऊतक कापण्यासाठी आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी मान्य होते, पण ते त्वचा घट्ट करण्यासाठी वापरले जाऊ लागले. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने भाजणे, संसर्ग, वण राहणे आणि मज्जातंतूंची इजा यांचा उल्लेख करून अशा वापराविरुद्ध जाहीर इशारा दिला. दोनच महिन्यांनी त्याच प्रशासनाने सुरकुत्यांसाठी एका वेगळ्या हँडपीसला मान्यता दिली, तीही त्वचेच्या रंगाच्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवरील पहिल्या तीन, म्हणजे गोऱ्या, त्वचाप्रकारांपुरती. बहुतेक भारतीयांची त्वचा त्यापेक्षा सावळी. ब्युटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारे स्वस्त ‘प्लाझ्मा पेन’ तर त्वचेवर ठिणगी पाडून बारीक ठिपके जाळतात. त्यांना शीत प्लाझ्मा म्हणणे चूक आहे आणि सावळ्या त्वचेवर त्यांचे काळे डाग राहण्याचा धोका अधिक.

भारतात

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे पायाच्या व्रणांवरील कोणत्याही उपकरणाला इथे बाजार दिसतोच. पण इथे ड्रेसिंगचा खर्च बहुतेकदा घरच्यांच्या खिशातून जातो आणि विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असतो. एका पट्टीला युरोपातला दर देऊन हा बाजार मिळणार नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार उपकरणे जोखमीप्रमाणे अ ते ड अशा चार वर्गांत मोडतात आणि वरच्या दोन वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला आहे.

प्लाझ्माचे ज्ञान देशात नवे नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसर व प्लाझ्मा तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्लाझ्मा प्रक्रियांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने रुग्णालयीन कचऱ्यासाठी प्लाझ्मा पायरोलिसिस विकसित केले. त्यात अत्यंत कमी ऑक्सिजनमध्ये हजारो अंशांच्या प्लाझ्माने कचऱ्याचे विघटन होते आणि साध्या भट्टीत तयार होणारी डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये पुष्कळ कमी राहतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळ्या पिशवीतील कचऱ्यासाठी भस्मीकरणाच्या जोडीने या पद्धतीचे नाव आहे.