खाडीचा वास आणि माडीचा फेस: विनॉक्सिश्वसन कुठलं, किण्वन कुठलं?

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीतला चिखल उघडा पडला की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. सकाळी माडावरून उतरवलेल्या माडीला दुपारपर्यंत फेस येतो. दोन्हीकडे राबणारे जीव डोळ्यांना न दिसणारे, दोन्हीकडे काम ऑक्सिजनवाचून चाललेलं. शाळेत शिकलेल्या उत्तरात दोघांना मिळून एकच नाव असतं, विनॉक्सिश्वसन. दहावीच्या पेपरापुरतं ते चालून जातं. पेशीचा जमाखर्च मांडायला बसलं की मात्र चालत नाही. मडक्यात चाललेलं असतं ते किण्वन, म्हणजे आंबणं, आणि त्याला श्वसन म्हणायला फारसा आधार नाही. चिखलात चाललेलं असतं ते खरंखुरं श्वसन, फक्त ऑक्सिजनशिवायचं.

गोंधळ होतो याचं कारण साखरेवर जगणाऱ्या पेशीत दोन्हींची सुरुवात सारखीच असते. ग्लुकोजचा रेणू सहा कार्बनचा. पेशीद्रवात त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. हा तुकडा म्हणजे पायरुवेट. या फोडण्याच्या क्रियेला ग्लायकोलायसिस म्हणतात. तीत पेशीला निव्वळ 2 एटीपी (पेशीच्या ऊर्जेची सुटी नाणीच म्हणा) मिळतात आणि ऑक्सिजन लागतच नाही. अडचण निराळीच असते. साखर फोडताना तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते एनएडी नावाचा एक वाहक रेणू उचलतो. पेशीत हा एनएडी असतो थोडाच. दाभोळ-धोपावे फेरीबोट पलीकडे जाऊन गाड्या उतरवून परत आली नाही, तर अलीकडच्या धक्क्यावरची रांग जागची हलत नाही, इथंही तसंच. एनएडीवरचा बोजा कुठंतरी उतरवावाच लागतो, नाहीतर समोर साखर पडलेली असूनही पेशी उपाशी मरेल.

हा बोजा उतरवायचा कुठं, इथं दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ऑक्सिजन आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

किण्वनात इलेक्ट्रॉन परत साखरेच्याच तुकड्यावर ठेवले जातात. यीस्ट आधी पायरुवेटमधून एक कार्बन काढून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सोडून देतं (माडीचा फेस तो हाच) आणि उरलेल्या दोन कार्बनच्या ॲसिटाल्डिहाइडवर इलेक्ट्रॉन चढवतं. झालं अल्कोहोल. आंबोळीच्या पिठातले लॅक्टिक आम्लाचे जीवाणू पायरुवेटवरच इलेक्ट्रॉन चढवतात, म्हणून पीठ आंबट होतं. त्यातल्या ल्युकोनॉस्टॉकसारख्या काही जाती सोबत वायूही सोडतात, म्हणून ते फुगतं. या शेवटच्या पायरीत नवा एटीपी एकही बनत नाही. ती केवळ एनएडी मोकळा करण्यासाठी असते. कमाई तेवढीच, सुरुवातीच्या 2 एटीपींची. ताडामाडाच्या माडीत सापडणारा झायमोमोनास नावाचा जीवाणू तर वेगळ्या वाटेने साखर फोडतो आणि ग्लुकोजमागे एकाच एटीपीवर भागवतो. बाकी सगळी ऊर्जा अल्कोहोलातच पडून राहते. स्पिरिटचा दिवा पेटतो तो त्याच ऊर्जेवर.

श्वसनात इलेक्ट्रॉन बाहेरच्या कुणाला तरी द्यायचे असतात, तेही थेट नाही. पेशीच्या एका पातळ पडद्यात प्रथिनांची साखळी बसवलेली असते. तिच्यातून पायरी-पायरीने इलेक्ट्रॉन उतरतात आणि उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला ढकलले जातात. तिकडे दाटी झाली की ते एटीपी सिंथेज नावाच्या विकरातून परत येतात, आणि येता येता एटीपी घडवून जातात. ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी ही कल्पना 1961 मध्ये मांडली तेव्हा फार थोड्यांना ती पटली. 1978 मध्ये त्यांना त्यासाठीच रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पेशीत हा पडदा तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या ऊर्जाघरात) असतो आणि इलेक्ट्रॉन घेणारा शेवटचा गडी ऑक्सिजन असतो. एका ग्लुकोजमागे 30 ते 32 एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांतला 38 चा आकडा आता धरत नाहीत.

विनॉक्सिश्वसनात बदलतो तो फक्त हा शेवटचा गडी. साखळी तीच धाटणीची, पडदा आहे, प्रोटॉनची दाटी आहे, एटीपी सिंथेज आहे. जीवाणूंना तंतुकणिका नसते, म्हणून पडदा त्यांच्या स्वतःच्या पेशीचा. ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट येतं, लोह येतं किंवा सल्फेट येतं. म्हणजे नात्याने विनॉक्सिश्वसन हे ऑक्सिश्वसनाचं सख्खं भावंड आहे. किण्वन शेजारच्या घरातलं.

आता चिखलाकडे वळू, कारण हे नातं कोकणाइतकं ठसठशीत फार थोड्या ठिकाणी दिसतं. गाळात पानं, शेवाळ, मेलेले जीव सतत पडत असतात आणि वरच्या काही मिलिमीटरांतच ऑक्सिजन संपतो. त्याखाली जीवाणू मिळेल त्या गड्याला इलेक्ट्रॉन देत जातात, आणि ज्यात ऊर्जा जास्त तो आधी वापरला जातो: नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट. नायट्रेटवर मिळणारी कमाई ऑक्सिजनच्या जवळपास जाते. सल्फेटवर ती फारच कमी. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही, लिटरमागे जवळजवळ 2.7 ग्रॅम. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या गाळात कुजण्याच्या एकूण कामातला निम्म्याच्या आसपास वाटा सल्फेटवर श्वसन करणाऱ्या जीवाणूंकडे असतो. इलेक्ट्रॉन घेतल्यावर सल्फेटचा होतो हायड्रोजन सल्फाइड, आणि सुकतीचा वास त्याचाच. असा जीवाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो डच शास्त्रज्ञ मार्टिनस बाइयेरिंक यांनी, 1895 मध्ये.

रंगाचंही उत्तर इथंच मिळतं. जांभ्याच्या तांबड्या मातीतलं लोह पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांतून खाडीत उतरतं. वर तांबडं असलेलं तेच लोह खाली गाळात जीवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेतं, हायड्रोजन सल्फाइडला जाऊन मिळतं आणि काळा लोह सल्फाइड बनतो. तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) काढायला चिखलात हात घातला की बोटांना लागतो तो काळेपणा हाच. तोच चिखल बांधावर टाकून ठेवला तर हवेने पुन्हा तांबूस होतो.

एक गंमत अशी, की या चिखलात किण्वनही जोरात चालू असतं. सल्फेटवाल्या जीवाणूंना अख्खी पानं पचवता येत नाहीत, बहुतेकांना साखरसुद्धा नाही. किण्वन करणारे जीवाणू आधी ती फोडतात आणि लॅक्टेट, ॲसिटेट, हायड्रोजन मागे टाकतात. तो टाकाऊ माल सल्फेटवाल्यांचं जेवण. एकाच मुठीत दोन्ही प्रक्रिया, एकीच्या उष्ट्यावर दुसरी. तिवरं (खारफुटीची झाडं) या चिखलात उभी राहतात ती वर काढलेल्या श्वसनमुळांतून हवा खाली नेऊन. भरतीत ती मुळं बुडली की त्यांच्या पेशी थोडा वेळ किण्वनावर काढू शकतात.

भाताच्या खाचरातही हाच प्रकार, फक्त तिथं पाणी गोडं आणि सल्फेट कमी. शेतकऱ्याला तो खिशातून जाणवतो. वर फेकलेल्या युरियाचा अमोनियम होतो, मातीच्या वरच्या पातळ, हवा लागणाऱ्या थरात त्याचं नायट्रेट होतं, ते खाली झिरपतं आणि तिथले जीवाणू त्याच्यावर श्वसन करून त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. खत हवेत जातं. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीच्या गोळ्या 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायला सांगतात त्यामागचं एक कारण हे. खोलात ऑक्सिजन नाही, तिथं अमोनियम अमोनियमच राहतो, त्याचं नायट्रेट होत नाही, आणि जीवाणूंना श्वसनासाठी ते मिळत नाही. किण्वनवाल्यांना या सगळ्याशी देणंघेणं नाही. त्यांना बाहेरचं काही लागतच नाही.

‘ऑक्सिजन नाही म्हणून किण्वन’ हे समीकरणही पुरतं खरं नाही. त्याचा उगम थेट एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्यापर्यंत जातो. किण्वन म्हणजे हवेविना जगणं असं त्यांनी म्हटलं होतं, आणि यीस्टला हवा मिळाली की साखर कमी खर्च होते हे त्यांचं निरीक्षण मोलाचंच होतं. पण भरपूर साखर समोर असली तर बेकरीतलं यीस्ट हवेतसुद्धा अल्कोहोल करत बसतं. त्याहून पटणारं उदाहरण आपल्या अंगात आहे. तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसते. अंगभर ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतः मात्र तिच्या सुमारे 120 दिवसांच्या आयुष्यात त्यातला कणही ऊर्जेसाठी वापरत नाही. ती पूर्ण वेळ लॅक्टिक किण्वनावर जगते.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दंडात होतं तेही किण्वनच. ‘स्नायूंतलं विनॉक्सिश्वसन’ हा शब्दप्रयोग सर्रास वाचायला मिळतो, पण माणसाच्या स्नायूपेशीला नायट्रेटवर किंवा सल्फेटवर साखळी चालवता येत नाही. जोर लावताना ऊर्जेची मागणी तंतुकणिकांच्या आवाक्याबाहेर जाते, पायरुवेटचं लॅक्टेट होतं, ते रक्तातून यकृतात जातं आणि तिथं पुन्हा ग्लुकोज होतं. गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्याने दाखवलेलं हे चक्र; 1947 च्या नोबेलचे ते मानकरी. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याचा दोष मात्र लॅक्टेटला देऊ नये. ते तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. ठणका असतो तो स्नायूंतल्या बारीक इजांचा.

माडीचं व्हिनेगर हा उलट्या बाजूचा फसवा मासला. लोक म्हणतात माडी आणखी आंबली. रोजच्या बोलण्यात बरोबर आहे, उद्योगातही त्याला किण्वनच म्हणतात. पण व्हिनेगर करणारे जीवाणू अल्कोहोलातून इलेक्ट्रॉन काढून आपल्या पडद्यातल्या साखळीमार्फत ऑक्सिजनला देतात. हे श्वसन झालं, अर्धवट का होईना. भांडं गच्च बंद केलं तर व्हिनेगर होत नाही ते यामुळेच; तोंडाला नुसतं फडकं बांधायचं असतं.

आणि एक जागा अशी आहे जिथं ही रेघ मलाही नीट ओढता येत नाही. सुकतीला कालवं आणि शिणाणे (दोन्ही शिंपल्यांतले जीव) पाण्याबाहेर पडले की शिंपा घट्ट मिटून घेतात. आतला ऑक्सिजन संपतो, तरी तास न् तास जगतात. या कुळातले प्राणी तेव्हा लॅक्टेटवर फारसे विसंबत नाहीत. ते तंतुकणिकेत, साखळीचा एक भाग चालू ठेवून, इलेक्ट्रॉन फ्युमरेट नावाच्या लहान रेणूला देतात आणि त्याचं सक्सिनेट करतात. प्रोटॉनही ढकलले जातात, आणि कमाई साध्या किण्वनापेक्षा जास्त होते. पण फ्युमरेट बाहेरून आलेलं नसतं, ते प्राण्याने स्वतःच्याच अन्नातून तयार केलेलं असतं. म्हणून काहीजण याला किण्वनात घालतात. मी ते श्वसनाच्या बाजूला ठेवतो. घेणारा घरचा असला तरी पडदा आणि साखळी कामाला लागलेली आहे, आणि जास्तीचा एटीपी तिच्यातूनच येतो आहे.