जंगलाचा शेजार: बडोद्याच्या बाजूने

सयाजीरावांची ग्रंथालये आपल्या तोंडपाठ असतात. गायकवाडीतल्या जंगलांबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते. खरे तर नवसारी प्रांतातले सोनगड-व्यारा हा सागवानाचा पट्टा, आणि त्याला लागून डांग.

डांगच्या भिल्ल राजांचा सरहद्दीवरच्या गायकवाडी गावांवर गिरासाचा, म्हणजे ठरावीक रक्कम वसूल करण्याचा, हक्क होता. पैसे वेळेवर पोचले की सीमा शांत, थकले की गावांवर धाड. व्यवहार रांगडा होता, पण त्यात शेजाऱ्याचा वाटा मान्य होता. १८४२मध्ये इंग्रजांनी डांगची जंगलेच राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली, कारण त्यांना सागवान हवे होते. राजांना ठरलेली रक्कम मिळत राहिली. आजही होळीच्या आधी डांगच्या मुख्य गावी, आहव्याच्या दरबारात त्यांच्या वारसांना सालियाना देतात. बिनसले ते पुढे, जंगल राखीव करून फिरत्या शेतीवर बंधने आली तेव्हा. राजांशी केलेल्या करारात जंगलात राबणाऱ्या माणसाला जागाच नव्हती. १९१४चा उठाव त्याच रोषातला.

तोडीच्या मजुरीचा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, ठेकेदार घेई, मजुराच्या हाती जेमतेम काही पडे, शिवाय वेठ असेच. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४७च्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या करायला घेतल्या: कूप ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्याच मंडळीला द्यायचा आणि नफाही त्यांच्यातच राहायचा. १९४९मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे दक्षिण गुजरातेत या मंडळ्या चांगल्याच रुजल्या. काही ठिकाणी कारभार पुढाऱ्यांच्या हाती गेला हेही खरे, पण निदान भांडण हिशेबाच्या वहीवर होऊ लागले.

१९७६मध्ये गुजरात राज्य वनविकास निगम स्थापन झाले. त्याचे मुख्यालय गांधीनगरला नाही, आपल्या बडोद्यातल्या अलकापुरीत आहे. टिमरूची (तेंदूची) पाने, मोहाची फुले, डिंक गोळा करणाऱ्यांशी त्याचा थेट संबंध येतो.

दरम्यान बंगालमध्ये, अराबारीच्या सालवनात, १९७२च्या सुमारास राखण करणाऱ्या गावांना लाकडाच्या उत्पन्नात चौथाई वाटा देऊ केला गेला. केंद्राने १९९०मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचे, म्हणजे वनखाते आणि गाव यांनी मिळून जंगल राखण्याचे, परिपत्रक काढले आणि १९९१मध्ये गुजरातचा ठराव आला. गावोगावी समित्या झाल्या. कुठे त्यांनी खरोखर जंगल राखले, तर कुठे त्या वनरक्षकाच्या दप्तरातच राहिल्या. ठराव सरकारचा, म्हणून बदलायचा अधिकारही सरकारचाच.

ही लंगडी बाजू २००६च्या वनहक्क कायद्याने सावरली. गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवर, गोळा करणाऱ्याची मालकी आली, आणि गौण वनोपजात बांबूही धरला गेला. फरक किती पडला? सोनगडची कागद गिरणी उभी राहिली ती आसपासच्या जंगलातल्या बांबूच्या भरवशावर, आणि त्या सौद्यात गावांना कोणी विचारले नव्हते. नंतर नर्मदा जिल्ह्यात, शूलपाणेश्वर अभयारण्यातल्या गावांनी सामूहिक हक्काखाली स्वतः बांबू तोडला आणि कागद गिरणीला विकला. विक्रेता म्हणून समोर ग्रामसभा बसली होती.