मास स्पेक्ट्रोमेट्रीतल्या ओळखी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीतला मेंटॉर

मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांची वस्तुमानं मोजायचं तंत्र. त्यातल्या इलेक्ट्रोस्प्रे या भार देण्याच्या पद्धतीवर पॉझिटिव्ह मोडमध्ये (धनभारित आयन मोजत) काम करणाऱ्या प्रत्येकाला ४४५.१२ हा पीक, म्हणजे आलेखातलं त्या आकड्यावरचं टोक, कधी ना कधी भेटतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला तो पहिल्यांदा दिसला, की तिला वाटतं काहीतरी नवीन हाती लागलं. मग डेटाबेस धुंडाळणं, सॅम्पल पुन्हा तयार करणं, यात आठवडा-दोन आठवडे जातात. शेवटी शेजारच्या लॅबमधला सिनियर स्क्रीनकडे बघून म्हणतो, “अगं, हे सिलोक्सेन आहे. हवेतून येतं, सगळ्यांकडे असतं. लोक याचाच लॉक मास, म्हणजे यंत्राची मोजणी जुळवायची ठरलेली खूण, म्हणून वापर करतात.” अर्ध्या मिनिटात विषय संपतो.

तोच डेटा दुसरं कुणीतरी बघतं. ४४५ कडे ढुंकूनही न पाहता विचारतं, “कंट्रोलची सगळी सॅम्पल्स सोमवारी आणि पेशंटची सगळी मंगळवारी का चालवलीस?” हा प्रश्न अर्ध्या मिनिटात संपणारा नाही. यंत्रात आयन तयार होतात तो सोर्स हळूहळू घाण होत जातो, सिग्नल घसरतो, मिश्रण वेगळं करणारा कॉलम जुना होतो. त्यामुळे रोगाने पडलेला फरक कुठला आणि मंगळवारने पडलेला कुठला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. क्रम मिसळून, मध्येमध्ये क्यूसी, म्हणजे यंत्र तपासायची ठरलेली सॅम्पल्स, घालून सगळं पुन्हा चालवावं लागेल. पुढच्या महिन्याचा पोस्टर बहुतेक हातचा गेला.

यातला पहिला माणूस म्हणजे ओळख. दुसरा मेंटॉर असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे करिअरवरच्या भाषणांत “नेटवर्किंग आणि मेंटॉरशिप” हे जोडनाव एका दमात घेतलं जातं आणि नव्या मुलांना वाटतं, एक मिळालं की दुसरं आपोआप येतं. तसं होत नाही. ओळखीचा माणूस तुम्ही विचारलेल्याचं उत्तर देतो. ते द्यायला तुम्ही कोण, गेल्या वर्षी काय केलंत, पुढे कुठे जाणार, हे त्याला ठाऊक असायची गरज नसते. मेंटॉरला हे सगळं ठाऊक असतं, म्हणून तो तुम्ही न विचारलेलं बोलतो, आणि ते बहुतेक वेळा ऐकायला आवडत नाही.

या क्षेत्रात ओळखींना जरा जास्तच वजन आहे, आणि त्याचं कारण यंत्रात आहे. चांगलं हाय-रिझोल्यूशन, म्हणजे वस्तुमानातला बारीक फरक दाखवणारं, यंत्र कोट्यवधी रुपयांचं. ते प्रत्येक लॅबच्या नशिबी नसतं. म्हणून आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’सारख्या सामायिक सुविधा असतात, तिथे सॅम्पल पाठवायचं आणि रांगेत थांबायचं. यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असलं की तुमचं संशोधन प्रोफेसरांच्या ओळखीइतकंच ऑपरेटरच्या ओळखीवरही चालतं. कुठल्या बफरमधलं सॅम्पल तो हातात घेणार नाही, फॉस्फेट असेल तर आधी डीसॉल्ट का करायचं (क्षार का काढून टाकायचे), ट्रायटन हा डिटर्जंट वापरलेला असेल तर ४४-४४ च्या अंतरावर पीईजी या पॉलिमरसारखी पीक्सची माळ कशी उभी राहते, हे कुठल्याही पेपरात इतक्या सरळ भाषेत लिहिलेलं नसतं. सर्व्हिस इंजिनियरही तसाच. तो महिन्याला कितीतरी लॅब हिंडतो आणि व्हॅक्यूम का बसत नाही, हे त्याला आवाजावरून कळतं. करिअरच्या भाषणांत या दोघांचा उल्लेखही नसतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

औषध कंपन्यांतली गोष्ट आणखी वेगळी. २०१८ मध्ये रक्तदाबाच्या वाल्सार्टन या औषधात एनडीएमए हे नायट्रोसामाइन, म्हणजे कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी, सापडलं आणि औषध उद्योगातल्या विश्लेषण विभागांना अत्यल्प पातळीवरचं मोजमाप शिकावंच लागलं. पुढे मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या बाबतीत एक गंमत उघडकीला आली. डीएमएफ या साध्या सॉल्व्हंटच्या नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड प्रकार) असलेल्या रेणूचं वस्तुमान एनडीएमएच्या इतकं जवळ आहे, की यंत्राची अचूकता कमी पडली तर नसलेलं एनडीएमए दिसू लागतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये हे दाखवून दिलं. अशी माहिती ओळखीतून वाऱ्यासारखी पसरते आणि पसरायलाच हवी. पण तुमच्या उत्पादनाच्या बॅचचा डेटा बाहेरच्या मेंटॉरला दाखवता येत नाही, करारच तसा असतो. त्यामुळे कंपनीतल्या नवशिक्याला मेंटॉर आतच शोधावा लागतो, आणि शक्यतो तो थेट बॉस नसावा. ज्याच्या हातात तुमचं अप्रेझल आहे, त्याच्यापुढे “मला हे जमत नाही” असं कोण म्हणेल?

दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात स्पष्ट वेगळ्या दिसाव्यात, असं उदाहरण हवं असेल तर अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड नीयर यांचं घ्या. मिनेसोटा विद्यापीठात जॉन टेट यांच्या हाताखाली १९३६ मध्ये त्यांनी पीएच.डी. केली. टेट यांच्याच प्रयोगशाळेतून आधी वॉकर ब्लीकनी हे भौतिकशास्त्रज्ञ बाहेर पडले होते. इलेक्ट्रॉनचा मारा करून आयन कसे तयार करायचे, मोजायचे आणि त्या मोजमापावर कितपत विश्वास ठेवायचा, ही तिथली तालीम. ती काही एका संध्याकाळच्या गप्पांतून मिळणारी नव्हे.

त्यानंतर नीयर दोन वर्षं हार्वर्डला गेले. तिथल्या रसायनशास्त्र विभागात ग्रेगरी बॅक्स्टर होते, आणि त्यांच्याकडे अणुभार काढण्यासाठी जमवलेले शिशाचे नमुने होते. ते नीयरना मिळाले. त्यांतल्या समस्थानिकांची (आयसोटोपांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) प्रमाणं नीयरनी मोजली आणि पुढे पृथ्वीचं वय काढू पाहणाऱ्यांना तीच आकडेवारी उपयोगी पडली. बॅक्स्टर हे नीयरचे मेंटॉर नव्हते. त्यांच्याकडे नमुने होते, नीयरकडे यंत्र होतं, आणि दोघे एकाच आवारात होते.

१९३९ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक होती. तिथे नीयर यांची जॉन डनिंग आणि एन्रिको फर्मी या कोलंबिया विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांशी गाठ पडली. मंद न्यूट्रॉनांनी युरेनियमचा कुठला समस्थानिक फुटतो, हा त्या काळचा कळीचा प्रश्न, आणि तो सुटायचा तर समस्थानिक वेगळे करून देणारा माणूस हवा. नीयरनी ते केलं. २९ फेब्रुवारी १९४० ला त्यांनी डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके सूक्ष्म नमुने हाताने लिहिलेल्या पत्राच्या समासात चिकटवले आणि पत्र चक्क टपालाने न्यूयॉर्कला डनिंगकडे धाडलं. काही दिवसांतच कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी दाखवलं की फुटतो तो युरेनियम-२३५. बैठकीतल्या गाठीने नीयरना योग्य प्रश्न दिला. तो सोडवायची पात्रता मात्र त्याआधीच्या वर्षांत मिनेसोटात घडली होती.

ओळखींचं बळ कमी लेखू नये म्हणून एक दुसरी बाजूही सांगतो. कोइची तानाका हे शिमाझू कंपनीतले इंजिनियर, शिक्षण इलेक्ट्रिकलचं, पीएच.डी. नाही. मोठ्या रेणूंचं लेझरने आयनीकरण करण्याचं आपलं काम त्यांनी १९८७ मध्ये ताकाराझुका इथल्या जपान-चीन परिसंवादात मांडलं. श्रोत्यांत जॉन्स हॉपकिन्सचे रॉबर्ट कॉटर होते आणि त्यांनी ही बातमी बाहेरच्या जगात नेली. २००२ च्या नोबेलमध्ये तानाकांचं नाव होतं. कॉटर यांनी तानाकांना काही शिकवलं नाही. ते तिथे बसले होते आणि जे पाहिलं ते चार लोकांना सांगितलं, एवढंच. कधीकधी एवढंच पुरतं.

आता आपल्याकडची खरी गल्लत. गाईड म्हणजेच मेंटॉर असं आपण गृहीत धरतो. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं, टेट तसेच असावेत. पण गाईडचा तुमच्या डेटात स्वतःचा वाटा असतो. पेपर त्यांचाही, प्रकल्पाची मुदतही त्यांचीच. “सर, मला प्रोटिओमिक्स (प्रथिनांचा अभ्यास) सोडून आयसोटोप रेशोकडे जायचंय” किंवा “मला अकॅडेमिक नको, यंत्र कंपनीत ॲप्लिकेशन सायंटिस्ट व्हायचंय” हे गाईडला सांगताना जीभ अडखळते. म्हणून दुसरं एखादं माणूस बाहेर असावं. सल्लागार समितीतल्या मॅडम असतील, आधीच्या लॅबमधले सर असतील, कोर फॅसिलिटीचे प्रमुख असतील.

ते माणूस सापडायची जागा म्हणून लोक कॉन्फरन्सकडे बघतात. आपल्याकडे ‘इस्मास’ आहे, इंडियन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्री, १९७८ पासूनची, मुख्यालय ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात. अणुइंधनातल्या समस्थानिकांची मोजणी करणारे आणि रक्तातले प्रोटीन शोधणारे अशा मंडळींत एका छताखाली ऊठबस होते. माझं मत विचाराल तर नव्या प्रोटिओमिक्सवाल्यांनी चहाच्या वेळी मुद्दाम समस्थानिकवाल्यांजवळ उभं राहावं. मोजमापातली अनिश्चितता म्हणजे काय, हे त्यांच्या हाडीमाशी असतं. परदेशात जायची संधी मिळाली तर अमेरिकन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या वार्षिक परिषदेत हजारो लोक असतात आणि संध्याकाळी यंत्र कंपन्यांच्या दालनांत खाणंपिणं चालतं. तिथे ओळखी भराभर होतात.

मात्र पोस्टरसमोर पाच मिनिटं बोलून “मॅडम, तुम्ही माझ्या मेंटॉर व्हाल का?” असं विचारू नका. समोरची व्यक्ती हो म्हणेल, कारण नाही म्हणणं वाईट दिसतं, आणि त्यापुढे काहीच होणार नाही. त्याऐवजी छोटा, नेमका प्रश्न विचारा. मिळालेलं उत्तर लॅबमध्ये करून बघा. महिन्याभराने ईमेलवर कळवा: तुम्ही सांगितलं ते केलं, एवढं सुधारलं, हे अजून अडलंय, सोबत एक स्पेक्ट्रम. बहुतेक लोक सल्ला घेतात आणि गायब होतात, त्यामुळे परत येणारा लक्षात राहतो. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या आणि समोरून “पण तू हे करतोयस कशाला?” असा प्रश्न आला, की समजा नातं बदलायला लागलं.

उलटी चूकही होते. मेंटॉर मिळाला की पंपाच्या तेलापासून सॉफ्टवेअरच्या लायसन्सपर्यंत सगळं त्यांनाच विचारायचं. ती कामं सर्व्हिस इंजिनियरची आणि मागच्या बाकावरच्या सिनियरची.

दोघांतला फरक सर्वात उघडा पडतो तो शिफारसपत्रात. ओळखीतल्या मोठ्या नावाचं पत्र “उमेदवार मेहनती आणि हुशार आहे” याच्या पुढे सरकत नाही, कारण त्यांना पुढचं ठाऊकच नसतं. मेंटॉरच्या पत्रात मंगळवारची सॅम्पल्स येतात: हिने स्वतःचा डेटा बाद ठरवला, पोस्टर सोडला, क्रम बदलून सगळं पुन्हा चालवलं. निवड समिती असं वाक्य दोनदा वाचते. तेव्हा पोस्टडॉकला अर्ज करताना नावाचा मोह आवरा आणि ज्यांना तुमचं काम ठाऊक आहे त्यांच्याकडेच पत्र मागा. मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी मागा. सोबत सीव्ही, जाहिरातीची लिंक आणि त्यांच्यासमोर तुम्ही केलेल्या कामाच्या चार ओळी पाठवा. त्यांनाही सगळं आठवतंच असं नाही.