‘रात्रभर जागलो’: सीमाभागातल्या लेकुरवाळ्यांच्या कवितेची पार्श्वभूमी

जात्यावरच्या ओव्या, पाळणे, मंगळागौरीची गाणी ही बायकांच्या कवितेची सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या तरुण आयांची कविता समजून घ्यायची तर १९५६ पासून निघावं लागतं.

त्या वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला आणि त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात राहिला. सोयरिकी जुळत राहिल्या त्या जुन्याच वाटांनी. चंदगडची लेक उचगाव-बेळगुंदीकडे, इकडची तिकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाळाचा जन्मदाखला मराठीत. सासरचं रेशन कार्ड कन्नडात. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव आधीच परकं, तेच पुढे अशा लिपीत उमटलं की मराठी शाळेत शिकलेल्या सुनेला ते स्वतःलाच वाचता येईना. माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही, हे दुःख बायकांच्या कवितेत सगळीकडेच आहे. इथे त्याला सरकारी शिक्काही आहे.

वाट अगदीच अनोळखी नव्हती. १९४६ मध्ये पती गेल्यावर मुलं वाढवत, बेळगावातच शिकवत राहिलेल्या इंदिरा संत या कवयित्रीनं घरातल्या एकटेपणाला मराठीत मोठी जागा मिळवून दिली होती. पण तिच्यामागून आलेल्या खेड्यांतल्या बायकांना ती जागा सहज मिळाली नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी इथली साहित्य संमेलनं ही सीमाभागाची खरी श्रीमंती. ग्रंथदिंडीला अख्खं गाव लोटतं. तिथल्या व्यासपीठावर मात्र, विशेषतः १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनानंतर, सीमाप्रश्नावरची कविता गाजायची. अंगावरच्या दुधाची, दुपारच्या झोपेची, आरशात न ओळखू येणाऱ्या चेहऱ्याची कविता ‘घरगुती’ ठरायची. हा अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे. सीमा ज्या घरातून गेली, त्या घराचीच तर ती कविता होती.

खरा वाद मात्र एका क्रियापदाचा आहे. इकडच्या बाया ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘येतो हं’ असंच बोलतात, पुरुषांसारखंच. शाळेत त्यांना ‘आले’, ‘जेवले’ लिहायला शिकवलं जातं. मग बाळाला मांडीवर घेऊन एखादी लिहिते, ‘रात्रभर जागलो’, आणि छापताना त्याचं ‘जागले’ होतं. दुरुस्त करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही: पुण्या-नाशिकच्या वाचकाला वाटेल, बोलणारा बापच आहे. कविता दूरवर जायची तर तिनं प्रमाणभाषेत जावं, हा आग्रह प्रेमापोटीही असतो. काही कवयित्री स्वतःच ‘जागले’ लिहितात. वहीत बसलं की तसंच सुचतं, असं सांगतात, आणि तेही त्यांचंच बोलणं मानायला हवं. तरी मला ती दुरुस्ती बोचते. आडनाव गेलं, नाव गेलं, हाक मारणारी माणसं गेली. राहिला तो एक ‘मी’ आणि त्याला चिकटलेला ‘लो’. कविता आहे ‘मी’ हरवत चालल्याची, आणि छापताना नेमका तोच काढून घ्यायचा? वाचकाला क्षणभर अडखळू द्यावं. ती बाई रोजच अडखळते.

अलीकडचे विषय वेगळे आहेत. २०१४ मध्ये बेळगाव शहराचं अधिकृत नावही बदलून ‘बेळगावी’ झालं, आणि नावबदलाच्या जुन्या कवितांना नवे अर्थ चिकटले. मूल कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात. त्याचा गृहपाठ आईला लागत नाही, पोर तिला शिकवू लागतं, ही नवी लाज कवितेत आली. निपाणीत तंबाखूच्या वखारीतून घरी येऊन बाळाला घेण्याआधी हात पुन्हापुन्हा धुणारी आईही आली. मोबाईलवर कविता मधल्या हाताशिवाय पोचते, आणि तिथे ‘जागलो’ जसंच्या तसं राहतं. खाली नाव सासरचं, क्वचित कंसात माहेरचं.