जुने रिव्हॉल्व्हर घेताना: आधी परवाना, मग नंबर, मुलामा सगळ्यात शेवटी

हत्यारांच्या दुकानात .32 बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) वापरलेले रिव्हॉल्व्हर समोर ठेवले जाते. नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या (काडतुसे बसणाऱ्या फिरत्या भागाच्या) कडांना काळा मुलामा उडून लोखंड पांढरे पडलेले, मुठीच्या पट्ट्या घासून गुळगुळीत झालेल्या. बहुतेकांचे मन तिथेच मागे फिरते. माझ्या मते नकाराला हे कारण पुरेसे नाही. कमरेच्या कव्हरमधून वर्षानुवर्षे आत-बाहेर झाल्यावर मुलामा जाणारच. पारखायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची सुरुवात तुमच्याच कागदांपासून होते.

परवाना हातात येण्याआधी विसार देऊ नका. शस्त्र अधिनियम 1959 नुसार अर्जदाराचे वय 21 पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावास झाला असेल, तर शिक्षा संपल्यानंतरही 5 वर्षे हत्यार बाळगता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त 2 बंदुका ठेवता येतात. घरात आधीच दोन असतील तर विषय तिथेच संपला.

मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. केंद्राच्या एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर ए-1 नमुना भरतात. सोबत जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि एस-3 नमुन्यातले शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. व्यापाऱ्यांकडे अनेक ठिकाणी आयकर विवरणपत्रेही मागतात. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याची चौकशी होते.

अर्ज बहुधा अडतो तो कारणाच्या रकान्यात. नुसते ‘स्वसंरक्षणासाठी’ लिहून भागत नाही. धमकी आली असेल तर तारीख, तक्रारीची किंवा गुन्ह्याच्या नोंदीची प्रत. रोकड न्यावी लागत असेल तर व्यवसायाचे कागद. गावाबाहेर शेतावर एकटी वस्ती असेल तर तसे स्पष्ट लिहा. चौकशीला आलेल्या हवालदारालाही तेच सांगता आले पाहिजे.

आता हत्याराकडे वळू. पहिला प्रश्न बोअरचा. .455 चे जुने वेबली (विलायती बनावटीचे रिव्हॉल्व्हर) कितीही स्वस्तात मिळाले तरी .455 आणि .380 ची काडतुसे चालणारी रिव्हॉल्व्हरे निर्बंधित वर्गात मोडतात. नेहमीच्या परवान्यावर ती घेता येत नाहीत.

दुसरा प्रश्न नंबरचा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. फ्रेमवरचा, म्हणजे हत्याराच्या मुख्य सांगाड्यावरचा, अनुक्रमांक आणि बनवणाऱ्याचे नाव भिंगाखाली वाचा आणि विक्रेत्याच्या परवान्यातल्या किंवा डीलरच्या नोंदवहीतल्या नोंदीशी अंकन् अंक ताडून पाहा. ओळखखुणा नसलेल्या बंदुकीची विक्री कायद्याच्या कलम 8 खाली निषिद्ध आहे, आणि खोडलेल्या नंबरचे हत्यार तुमच्याकडे सापडले तर तो तुम्हीच खोडला असे गृहीत धरले जाऊ शकते. म्हणून नव्याने मुलामा चढवलेल्या चकचकीत रिव्हॉल्व्हरची मला जास्त धास्ती वाटते. पॉलिश करताना अक्षरांच्या कडा झिजतात आणि नंबर पुसट होतो. मुलामा उडालेला चालेल, नंबर उडालेला मुळीच नाही.

मग यंत्रणा. दुकानदाराची परवानगी घ्या, सिलिंडर उघडून काडतुसांची सगळी घरे रिकामी असल्याची खात्री करा आणि नळी सुरक्षित दिशेला धरा. घोडा (चाप नव्हे, मागचा हातोडीसारखा भाग) सावकाश चढवत प्रत्येक घर तपासा: घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसायला हवा. सिलिंडर पुढे-मागे हलत असेल, किंवा चढवलेला घोडा अंगठ्याने हलके ढकलताच सुटत असेल, तर सौदा सोडा. नळीच्या मागे पांढरा कागद धरून आत पाहा. गंजाचे खड्डे हे खरे नुकसान, बाहेरचे ओरखडे नव्हेत.

किमतीबद्दल एकच सांगतो. 1980 च्या दशकात सामान्य नागरिकांसाठीची आयात जवळपास बंद झाली, म्हणून जुनी विलायती रिव्हॉल्व्हरे घासलेली असूनही महाग जातात. गरज रक्षणाची असेल तर कानपूरला बनलेले नवे .32 आधी विचारात घ्या.

खासगी परवानाधारकाकडून घेत असाल, तर त्याने विक्रीचा इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस जावे लागतात. शिक्का मारलेली पोच पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दोघांच्या हद्दी वेगळ्या असतील तर ना हरकत आणि वाहतुकीची परवानगी आधी विचारून घ्या. व्यवहार झाल्यावर पावती आणि हत्यार घेऊन परवाना कार्यालयात नोंद करून घ्या, आणि परवान्यावर चढलेला नंबर फ्रेमवरच्या नंबराशी तिथेच उभे राहून पुन्हा जुळवा. लिपिकाची एका अंकाची चूक नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्त करणे फार जड जाते.